पार्टटाईम काम सोडताना किती दिवस आधी सांगावं? आपापले अनुभव लिहा

विश्रामबागला एका झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी काम करतो, परीक्षा तोंडावर आलीय म्हणून सोडायचंय. सगळं तोंडी ठरलेलं, कागद काही नाही. मालकांची अडचण नको व्हायला आणि माझा पगारही अडकायला नको. सांगली-साताऱ्यातल्या सगळ्यांनी लिहा, कसं केलंत ते.

---

मी सांगलीत मार्केट यार्डात अडत दुकानाचं अकाउंट बघायचे, दुपारचे तीन तास. हळदीचे सौदे जोरात असताना मधेच सोडलं असतं तर शेठनी ऐनवेळी माणूस आणायचा कुठून, म्हणून महिनाभर आधी सांगितलं आणि शेवटचा दिवस जीएसटीचं रिटर्न बघून ठरवला. आमचं रिटर्न दर महिन्याचं, ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० ला ३बी (कर भरायचं), ते दोन्ही गेल्यावरच निघाले. तोवर नवीन मुलीला शेजारी बसवून टॅलीतल्या एंट्र्या, कुठल्या शेतकऱ्याची पट्टी (मालविक्रीचा हिशोब) द्यायची राहिलीय, चेकबुक कुठल्या कप्प्यात असतं, सगळं दाखवलं. पासवर्ड वहीत लिहून वही शेठच्या हातात दिली. हिशोबाच्या कामाला महिना लागतोच, त्यात कमी करू नये.

---

मिरजेत मेडिकलला रात्रीचा काउंटर सांभाळायचो. पंधरा दिवस आधी सांगितलं, पुरलं. एक्स्पायरीचा माल आणि उधारीची वही तेवढी समजावून द्या.

---

साताऱ्यात एका क्लासला गणित शिकवायचो. दहावीची बॅच होती म्हणून चांगलं महिनाभर आधी सांगितलं, तर सर म्हणाले उद्यापासून येऊच नका, आणि झालेल्या दिवसांचा पगार लटकवला तो लटकवलाच. पोरांचा भूमितीचा धडा अर्ध्यात राहिला याचं जास्त वाईट वाटलं. त्यामुळं माझं स्पष्ट मत, आधी पगार हातात पडू दे मग सांगा, आणि तोंडी सांगितलं तरी व्हॉट्सअ‍ॅपवर तारखेसकट एक मेसेज टाकून ठेवा.

---

वरच्या गणित शिकवणाऱ्या सरांसाठी, वेतन संहिता (पगाराबद्दलचा केंद्राचा कायदा) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, त्यात आपण स्वतः राजीनामा दिला तरी दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब पूर्ण करायचा असं आहे. तुमचं त्याच्या आधीचं असेल तर माहीत नाही, पण आता सोडणाऱ्यांनी हे मालकाला जरूर सांगावं.

---

मी शाहूपुरीत चार घरी पोळ्या करते. एक घर सोडायचं होतं, लांब पडत होतं. त्या घरी आजी एकट्याच, म्हणून दिवस मोजत बसले नाही, आधी आमच्या गल्लीतली एक बाई तयार केली, तिला सोबत नेऊन आजींना कणीक किती सैल लागते, मीठ किती कमी, ते दाखवलं आणि आजी हो म्हणाल्यावरच थांबले. दादा, तुमच्या दुकानात पण असंच बघा, कॉलेजातला एखादा मित्र मिळत असेल तर त्याला आठवडाभर बरोबर न्या, मशीन शिकवा. मालक पगार अडवणार नाहीत.