ग्वाल्हेरच्या लूमध्ये अळू, कर्दळ, केळ?

लष्करवाली: आमचं अंगण म्हणजे कोरडं ठाक, मे मध्ये पारा ४५ च्या वर आणि वरून लू म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, तरी मला मोठ्ठी हिरवीगार पानंच हवीत. नळ एक वेळ येतो. काही जमेल का?

मुरारकर: जमेल की ताई. दीड-दोन फूट खोल खड्डा, तळाला जुनी प्लास्टिक शीट, तिला भोकं पाडाच नाहीतर पावसाळ्यात कंद सडतात, वर भरपूर शेणखत घालून माती, आणि वाफा जमिनीपेक्षा जरा खालीच ठेवा. भिंतीच्या पूर्वेला लावा, दुपारनंतर सावली मिळते. वर पालापाचोळ्याचा जाड थर.

इंदूरची माळीण: केळ उघड्यावर नकोच, चिंध्या होतात पानांच्या. कर्दळ सगळ्यात सोशिक. अळू उन्हाळ्यात वाळलं तरी उपटू नका हं, कंद जिवंत असतो, पाऊस पडला की फुटतो.

लष्करवाली: कूलरचं उरलेलं पाणी घालू?

मुरारकर: रोज नको. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, मग पानांच्या कडा करपतात. त्यापेक्षा तांदूळ-भाजी धुतलेलं घाला, तेही संध्याकाळी.