मदत हवी आहे: हर-टू 2+, ब्लॉकमध्ये ट्यूमर थोडाच, फिश टेस्ट कुठे करावी?

आईच्या (वय 58) स्तनातल्या गाठीची कोअर बायोप्सी झाली. रिपोर्ट: इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा (स्तनाचा कर्करोग), ग्रेड 3, ईआर-पीआर (हार्मोन रिसेप्टर) निगेटिव्ह, हर-टू (कर्करोगाच्या पेशींवरचं एक प्रथिन) 2+. म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्हही नाही. फिश (हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढल्यात का, ते बघणारी चाचणी) करावीच लागेल. सगळं त्यावर अडलंय. पॉझिटिव्ह आली तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब (हर-टूवर मारा करणारं औषध), नाहीतर आजार ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) धरणार.

ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा नमुना) आणि स्लाइड्स ताब्यात घेतल्यात. पण ब्लॉकमध्ये ट्यूमर थोडाच उरलाय, असं लॅबवाले म्हणतात. केमो ऑपरेशनआधीच द्यायचीय, त्यामुळे ऑपरेशनच्या नमुन्यापर्यंत थांबणं शक्य नाही. पुन्हा बायोप्सी शक्यतो टाळायचीय, आई फार घाबरलीय.

पॅथॉलॉजीतल्या किंवा यातून गेलेल्या कुणी सांगाल का: उरलेल्या ब्लॉकवर इथेच फिश करून घ्यावी, की तो जपून टाटा मेमोरियलला नेऊन स्लाइड रिव्ह्यू आणि फिश दोन्ही तिथेच करावं?