प्रवासाची लस टोचताना लैंगिक आरोग्याचंही विचारावं का?

रावपुरा फिजिशियन
बडोद्याहून केनिया-टांझानियाला निघालेला माणूस यलो फीव्हरच्या लशीची चौकशी करतो, कारण प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. मग मलेरियाच्या गोळ्या, पाणी, जुलाब, सगळं बोलून होतं. कंडोम आणि संबंधांतूनही पसरणाऱ्या हेपॅटायटिस बीची लस, एवढं राहतं. माझं म्हणणं, वय-लग्न न बघता प्रत्येकाला विचारा: "प्रवासात नवीन संबंध येण्याची शक्यता आहे का? हे सगळ्यांनाच विचारतो." हेपॅटायटिस बीचे डोस एरवी 0, 1 आणि 6 महिन्यांनी, घाई असेल तर 0, 7, 21 दिवस आणि वर्षाने चौथा. म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही.

पडद्याआड
दांडिया बाजारातल्या एखाद्या क्लिनिकमध्ये हे वाक्य म्हणून बघा! अर्ध्या पडद्यापलीकडे कंपाउंडर, बाकावर पेशंटची काकू, आणि आईची शुगर बघणारा डॉक्टरही हाच. "छे हो डॉक्टर" याखेरीज उत्तर येणार नाही. केसपेपरवर "धोका नाही" लागेल, आणि परत आल्यावर जळजळ सुरू झाली की त्याच नोंदीवर विसंबून मूतखडा शोधत बसाल. त्यापेक्षा ओळखीचं कुणी नसेल अशा आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात पाठवा. तिथे एचआयव्ही तपासणी मोफत होते. 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन केला तर नावही सांगावं लागत नाही.

लॅबवाला
तपासणी कधी आणि कशाची, हे दोघांनीही सोडून दिलंय. परतल्याच्या आठवड्यात एचआयव्ही निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये. नसेतून रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची चाचणी संबंधानंतर 45 दिवसांनी भरवशाची; बोटातून थेंब घेऊन केलेल्या रॅपिडला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. व्हीडीआरएल ही सिफिलिसची प्राथमिक रक्तचाचणीही सुरुवातीचे काही आठवडे निगेटिव्ह राहते, आणि रिअॅक्टिव्ह आली तर टीपीएचए ही खात्रीची चाचणी करूनच सिफिलिस म्हणायचं.

सगळ्यात जास्त घोळ लघवीच्या नमुन्यात. कल्चरसाठी मधली धार द्यायची हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. गोनोरिया-क्लॅमिडिया या संबंधांतून होणाऱ्या संसर्गांच्या पीसीआरला नेमकं उलटं: आधी किमान तासभर लघवी करायची नाही, आणि पहिल्या धारेचे 20-30 मिली द्यायचे. मधली धार दिली तर संसर्ग असूनही निसटू शकतो. घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग लघवीत दिसतच नाही, तिथला स्वॉबच लागतो. तेव्हा संबंध कोणत्या प्रकारचा, हे विचारल्याशिवाय नमुना तरी कुठला घेणार?

पडद्याआड
म्हणूनच म्हणतो, पाच मिनिटांच्या ओपीडीचं हे काम नाही. लक्षणं असलेल्यांना तरी धड औषध मिळू दे. औषधांच्या सरकारी ग्रे किटमध्ये अॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिग्रॅ असतं. लोक मात्र मेडिकलवरून सिप्रो ही अँटिबायोटिक घेतात, जिला गोनोरिया आता दाद देत नाही.

स्त्रीरोग ओपीडी
लक्षणांची वाट बघायची म्हटलं तर बहुतेक बायका सुटतील. क्लॅमिडिया त्यांच्यात बहुधा गुपचूप राहतो आणि गर्भनलिका खराब करून जातो. नवरा शेजारी बसलेला असताना मात्र विचारू नये, एवढं पडद्याआड यांचं खरं. वजन-बीपीसाठी नर्सने बाईंना एकटं आत न्यावं आणि प्रश्न तिथे व्हावा.

आणि जाण्याआधीच सांगायची एक गोष्ट सगळ्यांकडून राहिली. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली तर पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण रोखणारी औषधं, 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची. परतल्यावर बडोद्यात येऊन विचारलं तर ती वेळ बहुधा टळून गेलेली असते.

रावपुरा फिजिशियन
नर्सची युक्ती पटली. पीईपीचं तर कुणाला काही न विचारता, छापील कागदावर देता येईल. पण एचआयव्ही "रुटीन ब्लड" मध्ये गुपचूप घालणारेही आहेत, ते चालणार नाही. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आधी समजावून संमती घ्यावी लागते, आणि निकाल काकूंना कळता कामा नये.

पडद्याआड
कागद द्या, माझी हरकत नाही. फक्त तो लशीच्या पावतीला स्टेपल करू नका. ती पावती घरी सगळ्यांच्या हातात फिरते.