उज्जैनच्या वाटेवर पिस्तूल हवं का?

ग्रुप: सभासद, मुलुंड पूर्व (फक्त महत्त्वाचे)

निखिल सी-५०३: नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत गाडीने उज्जैन-ओंकारेश्वर करतोय. आई, मीनल, दोन्ही मुलं आणि मी. ड्रायव्हिंग मी एकटाच करणार. ऑफिस सुटलं की रात्री निघायचं आणि सकाळी इंदूर गाठायचं, असा बेत आहे. धुळ्याच्या पुढे बिजासन घाट मध्यरात्रीनंतर लागेल. त्या बाजूला गाड्या अडवतात, काचेवर दगड मारतात, असले व्हिडिओ रोज कोणी ना कोणी पाठवतं. तर विचारायचं होतं, मुंबईत पिस्तुलाचं लायसन्स कसं काढतात? आपल्यापैकी कुणाकडे आहे का?

मीनल सी-५०३: हे मला आत्ता ग्रुपवर कळतंय.

गौरव डी-२०२: शाब्बास निखिलदादा. कुणीतरी विचारलं एकदाचं. रात्री तीन वाजता घाटात चार जण आडवे आले तर ११२ ला फोन लावून ‘हॅलो, मी दुधाच्या टँकरच्या मागे उभा आहे’ असं सांगत बसणार का?

सेक्रेटरी: कृपया ग्रुपचा विषय पाळावा. उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी ११ ते ४ पाणी नाही.

अ‍ॅड. देशमुख बी-६०१: निखिल, थोडक्यात सांगते. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. स्थानिक पोलीस ठाणं चौकशी करतं, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो आणि घरी ते सुरक्षित कुठे ठेवणार तेही सांगावं लागतं. लायसन्स मिळालंच तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांसाठी. पण दिवाळीपर्यंत ते हातात पडेल हे मनातून काढून टाक. आणि मुख्य म्हणजे अर्जात कारण काय लिहिणार? ‘व्हिडिओ पाहिले’?

गौरव डी-२०२: सलमान खानला मिळालं ना २०२२ ला.

अ‍ॅड. देशमुख बी-६०१: त्याला जिवे मारण्याच्या धमकीचं पत्र आलं होतं. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या घरावर गोळीबार झाला तेव्हा लायसन्सही होतं आणि पोलीस संरक्षणही होतं. मारणारे मोटरसायकलवरून आले आणि निघून गेले.

निखिल सी-५०३: मॅडम, माझा एक लांबचा भाऊ म्हणतो, लायसन्सच्या भानगडीत पडू नकोस, तिकडेच सीमेवर पंचवीस-तीस हजारात

निखिल सी-५०३: हा मेसेज डिलीट केला आहे

अ‍ॅड. देशमुख बी-६०१: डिलीट केलास ते बरं केलंस. मी वाचला. विनापरवाना पिस्तूल नुसतं जवळ सापडलं तरी किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत कैद. गोळी झाडायची गरज नाही, डिकीत असलं तरी पुरे.

परब काका ए-१०२: निखिल, त्या भावाला सांग की मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीचं नाव तिथल्या प्रत्येक हवालदाराला पाठ आहे. पुण्या-मुंबईत कट्टे म्हणजे गावठी पिस्तुलं पकडली की त्यातली कितीतरी त्याच गावातली निघतात. तू पोरांना घेऊन महाकालला चाललायस हे पंचनाम्यात कुणी लिहीत नाही.

साने काकू ए-४०३: अरे निखिल, रात्रीचं कशाला जायचं पण? आई बरोबर आहेत ना?

गौरव डी-२०२: परब काका, तुमच्याकडे तर रिव्हॉल्व्हर आहे. चार दिवस निखिलदादाला द्या की. नाहीतर तुम्हीच जा बरोबर.

परब काका ए-१०२: मेल्या गौरव, मी काय सोसायटीची शिडी आहे, मागितली की द्यायला? ज्याच्या नावावर लायसन्स त्यानेच ते हातात धरायचं. मी दिलं तर गुन्हा निखिलवरही आणि माझ्यावरही. आणि बरोबर जायचं म्हणशील तर माझं लायसन्स महाराष्ट्रापुरतं. शिरपूर सोडलं, पळासनेर आलं, की आपलं राज्य संपलं. बिजासन घाट मध्य प्रदेशात. म्हणजे ज्या जागेची तुम्हाला भीती वाटते नेमकी तिथेच माझं लायसन्स म्हणजे नुसता कागद, आणि कमरेला असलेलं रिव्हॉल्व्हर बेकायदा.

मीनल सी-५०३: 😂

परब काका ए-१०२: आता सगळं नीट सांगतो, एकदाच. फौजेतून सुटल्यावर मी बरीच वर्षं बँकेच्या कॅश व्हॅनवर गनमन होतो. घरी .३२ बोअरचं, म्हणजे त्या मापाच्या नळीचं रिव्हॉल्व्हर आहे. ९ एमएम आणि .३८ साध्या माणसाला मिळत नाही, त्या बोअरवर बंदी आहे. २०१४ ला कानपूरच्या सरकारी शस्त्र फॅक्टरीने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं ना, तेही .३२, आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. असो.

व्हॅनमध्ये माझं काम एकच. गाडी दुसरा चालवतो, पैसे तिसरा मोजतो, मी फक्त बाहेर बघतो. बंदुकीचा उपयोग असला तर असा. निखिल, तू स्टिअरिंगवर. पट्टा लावलेला. कमरेला होल्स्टर असेल तर बसल्या जागी पट्ट्याखालून ते बाहेर काढून बघ एकदा, खेळण्यातलं घेऊन. डॅशबोर्डच्या खणात ठेवलंस तर सहा वर्षांच्या पोराच्या हाताला पहिलं तेच लागणार, तुझ्या धाकट्याला बिस्किटांचा पुडा कुठे असतो ते पाठ आहे. डिकीत ठेवलंस तर ते सामान. आणि समजा निघालं बाहेर. बंद गाडीत एक गोळी झाडलीस की तुझ्या आईच्या कानांचं काय होईल? समोरचे चार जण तुझी एक गोळी खाऊन नमस्कार करून जाणार आहेत का? त्यांच्याकडे कट्टा असेल तर त्यांचाही नेम आता गाडीवर, आणि गाडीत कोण बसलंय? आम्हाला शिकवलं होतं की पैसे गेले तर जाऊ देत, गाडी पुढे काढा. गोळीबार शेवटी.

निखिल सी-५०३: काका, नुसतं दाखवून पळाले तर?

परब काका ए-१०२: ज्याला दाखवायचं तो पळेल की चिडेल हे तुला आधी कळत नाही. आणि दाखवलंस की मग मागे नाही येता येत.

अ‍ॅड. देशमुख बी-६०१: आणि दाखवणं हाही प्रश्न आहेच. सार्वजनिक जागी हॅंडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात न्यायचं असा नियम आहे. ओव्हरटेकच्या भांडणात कुणी ते बाहेर काढलं तर स्वसंरक्षण म्हणून चालत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. जिवावर हल्ला, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड अशा वेळी समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर तो हक्कच नाही. काचेवर टकटक करणारा लुटारू होता की पंक्चर दाखवणारा ट्रकवाला, हे नंतर कोर्टात तुम्हाला सांगावं लागतं.

गौरव डी-२०२: म्हणजे मरा आणि मग कोर्टात सांगा.

अ‍ॅड. देशमुख बी-६०१: गौरव, हक्क बंदुकीबरोबर येत नाही. तो तुझ्याकडे आत्ताही आहे, हातात टॉमी असली तरी.

साने काकू ए-४०३: आमच्या अमोलची गंमत सांगते. तो ह्यूस्टनला असतो, माहीतच आहे. तिथे दुकानात चपला मिळाव्यात तशी पिस्तुलं. एचवनबीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होता तोवर त्याला बाळगताच येत नव्हतं, म्हणाला शिकारीचं लायसन्स वगैरे काढलं तरच. ग्रीन कार्ड मिळालं आणि घेऊन बसला, सूनबाई दोन दिवस बोलली नाही. मग उन्हाळ्यात सगळे गाडीने नायगाराला निघाले, नातवंडांसकट. हा म्हणे पिस्तूल बरोबर घेणार, रस्त्यात मोटेलं असतात. सूनबाईने एकेक राज्य काढून वाचायला लावलं. टेक्ससमध्ये २०२१ पासून परमिटशिवायही चालतं, वाटेतली बरीचशी राज्यं मान्य करतात, आणि न्यूयॉर्क दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही. नायगारा न्यूयॉर्कमध्येच! आणि पलीकडच्या काठावर जायचं तर तो कॅनडा, तिथे तर पिस्तूल घेऊन जाणं म्हणजे तुरुंगच.

निखिल सी-५०३: काकू, पण नुसतं कुलपात ठेवून नेता येत नाही का?

साने काकू ए-४०३: तोच वाद झाला ना त्यांचा. १९८६ चा तिकडचा केंद्राचा कायदा आहे, गोळ्या काढून, डिकीत कुलपात ठेवलंत तर मधल्या राज्यातून जाऊ देतात. पण जिथून निघता आणि जिथे पोचता, दोन्हीकडे ते बाळगणं कायदेशीर पाहिजे. हा पोचणारच न्यूयॉर्कला. शेवटी घरच्या तिजोरीत ठेवून गेला. मी म्हटलं, एवढे पैसे घालून तिजोरीतच ठेवायचं होतं तर सोनं घ्यायचंस.

गौरव डी-२०२: काकू 🙏 पण तिकडे लोक बिनधास्त नेतात.

अ‍ॅड. देशमुख बी-६०१: नेतात आणि विसरतात. अमेरिकेच्या विमानतळांवर २०२३ मध्ये प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या. आपल्याकडे सहार विमानतळावर एखादं काडतूस जुन्या बॅगेच्या तळाशी सापडतं आणि माणूस लग्नाला जायचा तो पोलीस ठाण्यात बसतो. माहीत नसताना राहिलं असं पटलं तर उच्च न्यायालय गुन्हा रद्द करतं, पण फ्लाइट गेलेली असते आणि वकिलाचं बिल आलेलं असतं. आम्हाला काय, चालतंय.

परब काका ए-१०२: गोविंदाचं आठवतं ना? १ ऑक्टोबर २०२४. पहाटे कोलकात्याला निघायच्या गडबडीत स्वतःचंच लायसन्सवालं रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि गोळी गुडघ्याखाली. सज्जन माणूस, नशीब पायावर निभावलं. प्रवासाची घाई आणि भरलेलं हत्यार एकत्र नकोच.

आणखी एक. उज्जैनला महाकालच्या आत मोबाइलसुद्धा नेऊ देत नाहीत. रिव्हॉल्व्हर कुठे ठेवणार? लॉजच्या कपाटात? हरवलं तर जबाबदार तू. ओंकारेश्वरला नर्मदेत डुबकी मारताना घाटावर चपलांजवळ ठेवणार? सगळ्या ट्रिपभर आईला नाही, पोरांना नाही, त्यालाच सांभाळत बसशील. निवडणूक लागली की आम्हाला पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. खरं सांगू, तेवढे दिवस मला झोप चांगली लागते.

मीनल सी-५०३: काका, हे शेवटचं वाक्य मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

डॉ. पाटील सी-१०१: उशिरा वाचतोय. निखिल, तू एकटा रात्रभर चालवणार, दिवसभर ऑफिस करून? २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दरोडेखोरांनी मारलेले नाहीत. पहाटे तीन ते पाच डोळा लागतो आणि आपल्याला लागला हे कळत नाही. पिस्तुलाचा विचार करतोस आणि झोपेचा करत नाहीस याचं मला नवल वाटतंय.

परब काका ए-१०२: डॉक्टर बरोबर. त्या घाटात दरोड्यापेक्षा ब्रेक फेल झालेले ट्रक जास्त वाईट. ४ जुलै २०२३ ला पळासनेरजवळ घाट उतरून आलेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात शिरला. किमान दहा माणसं गेली. त्यांच्या कमरेला काय असतं तर वाचली असती?

गौरव डी-२०२: मान्य. पण एक सांगा, माझी बहीण भिवंडीहून रात्री स्कूटरवर येते. तिचं काय? तिला पहाटे निघून दिवसा ये म्हणू? तिला पर्याय नाही.

परब काका ए-१०२: हा प्रश्न खरा आहे. स्कूटरवर रिव्हॉल्व्हर तिच्या कामाचं नाही, तेही काढायला थांबावं लागतं. पण मी उत्तर देऊन तुला गप्प करणार नाही.

मीनल सी-५०३: गौरव, मी पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवते. बेकायदा नाही. पण बंद गाडीत एसी लावून तो मारायचा नाही, आधी आपलेच डोळे जातात. तुझ्या बहिणीला माझ्याकडे पाठव, वापरायचा कसा ते दाखवते. वाऱ्याच्या उलट दिशेला मारला की आपल्याच तोंडावर येतो.

गौरव डी-२०२: ठीक आहे वहिनी. पाठवतो. लायसन्सच्या अर्जाचा फॉर्म कुठला असतो मॅडम?

अ‍ॅड. देशमुख बी-६०१: ए-१. भरून बघ. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंस ते आधी मला दाखव.

निखिल सी-५०३: मंडळी, बेत बदलला. रात्री निघत नाही. शनिवारी पहाटे पाचला निघून दुपारपर्यंत धुळे, मुक्काम शिरपूरला, घाट रविवारी सकाळी उजेडात. मीनलने ऑफिसला एक दिवसाची रजा टाकलीय, मलाही टाकायला लावलीय.

परब काका ए-१०२: छान. थांबायचं तर टोलनाक्यावर किंवा दिवे असलेल्या पंपावर. गाडी थांबवायला कुणी काचेवर अंडं फेकलं तर वायपर लावू नको आणि गाडी उभी करू नको, हळू हळू पुढच्या पंपापर्यंत ने. हायवेचा नंबर १०३३, पोलिसांचा ११२, दोन्ही मीनलच्या फोनमध्ये ठेवा, तुझ्या नको. तुझे हात स्टिअरिंगवर असतील. आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघ, सगळे विसरतात.

निखिल सी-५०३: स्टेपनी गॅरेजमध्ये आहे काका, पंक्चर काढायला दिलीय.

मीनल सी-५०३: हेही मला आत्ता ग्रुपवरच कळलं.

सेक्रेटरी: टाकीचं काम उद्याऐवजी परवा. सर्वांनी नोंद घ्यावी. डी विंगचा पंप बंद आहे, प्लंबर आला की सांगतो.