अनुभव धागा: पॉडकास्ट ऐकलं, मग पुढं काय केलंत?

राजारामपुरीची
घर कोल्हापुरात राजारामपुरीत, नोकरी गोकुळ शिरगावला. जाता-येता मिळून तासभर कानात काहीतरी चालू असतं. गेल्या वर्षी साहेबांनी "सोशल मीडियाचं पण तुम्हीच बघा" म्हणून काम गळ्यात मारलं. तेव्हापासून गाणी सुटली. प्रकाशन, जनसंपर्क, सोशल मीडिया यावरच्या पॉडकास्टची नुसती नावं कुठंही मिळतात हो. ऐकून उठल्यावर काय केलंत ते लिहा. फसलं असेल तर आधी लिहा.

छापखानेवाला
आमची तिसरी पिढी या धंद्यात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि वर्षाकाठी आठ-दहा कवितासंग्रह. मी 'द क्रिएटिव्ह पेन' ऐकतो. जोआना पेन ही इंग्लंडची लेखिका २००९ पासून चालवतीय. स्वतःची पुस्तकं स्वतःच काढते आणि पैशाचं उघड बोलते. हे उघड बोलणं मला आवडलं, कारण आपल्याकडं लेखक हिशेबाला लाजतो आणि छापणारा गप्प बसतो.

मागं एक निवृत्त गुरुजी कापडी पिशवीतून हस्तलिखित घेऊन आले. "हजार प्रती काढा." म्हटलं, गुरुजी, चहा घ्या आणि विकत घेणाऱ्यांची नावं लिहा. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला बसले. भाचे, व्याही, जुने विद्यार्थी, तालमीतली पोरं. ८३ वर पेन थांबलं. थोडा वेळ छताकडं बघितलं, एक नाव खोडलं. दोनशे काढल्या. माझा धंदा कमी झाला, खरंय. पण आता दुसरा संग्रह घेऊन तेच आलेत.

आणि हो, त्यांच्याकडं कुणीतरी आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, तीन हजार मागितले होते. तो नंबर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा. इंग्लंड-अमेरिकेत विकत घ्यावा लागतो, म्हणून तिकडच्या पॉडकास्टात त्यावर तासन् तास चर्चा असते. तेवढा भाग सोडून पुढं जा.

पंचगंगेकाठी
जनसंपर्कासाठी 'फॉर इमिडिएट रिलीज'. नेव्हिल हॉब्सन आणि शेल होल्ट्झ यांनी २००५ च्या जानेवारीत सुरू केलेलं. तेव्हा 'पॉडकास्ट' हा शब्दच जेमतेम वर्षाचा होता. दोघं म्हातारबा निवांत बोलतात, झोप येऊ शकते. पण अडचणीच्या वेळी लोकांशी कसं बोलावं याची ओळख मला तिथं झाली.

२०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज. "राधानगरीचे दरवाजे उघडले, तासाभरात पाणी शहरात." आता ते दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एवढं ठाऊक असणारा माणूस घाबरत नाही. पण म्हातारी माणसं रात्री दोनला गाठोडं बांधून जिन्यात बसलेली.

२०२१ ला पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा आम्ही तिघांनीच लिहायचं ठरवलं, बाकी ग्रुप बंद. मेसेज एकाच साच्यातला: "राजाराम बंधारा (पंचगंगा), सायंकाळी ६ ची पातळी. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. आकडा कुठून घेतला ते. पुढचा मेसेज रात्री ९ ला." शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरली. काही नवीन नसलं तरी नऊला लिहायचंच, "नवीन काही नाही" असं. एकदा सव्वानऊ झाले तर अकरा फोन आले. शिव्याही.

कापशीवाली
आमचं चपलांचं दुकान. मी मायकेल स्टेल्झनरचं 'सोशल मीडिया मार्केटिंग पॉडकास्ट' दोन वर्षं ऐकलं. चांगलं आहे, पण सगळं गृहीत धरतात की गिऱ्हाईक लिंक दाबून वेबसाइटवर जाणार. आमचं गिऱ्हाईक रीलखाली 'किंमत?' लिहितं आणि मोकळं होतं. मी सहा महिने 'इनबॉक्समध्ये या' लिहीत बसले. विक्री शून्य. मग किंमत आणि दुकानाचा नंबर चक्क व्हिडिओवरच टाकला. पॉडकास्टवाल्यांना रुचणार नाही, पण फोन वाजायला लागला.

त्यांचं एक मात्र लागू पडलं: वस्तू कमी दाखवा, काम जास्त दाखवा. वडील वेणी विणतात तो वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. चेहरा नाही, फक्त हात, आरी आणि दोरा. मागं रेडिओ चालू. तो आजवर सगळ्यात जास्त बघितला गेलाय. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये 'प्राडा' या इटलीच्या कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या सँडल झळकल्या आणि देशभर बोंब झाली, आमच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे वगैरे, तेव्हा तोच व्हिडिओ लोकांनी परत फिरवला. आठ दिवस फोन खाली ठेवता येईना. अन् नेमकी आठ नंबरची चप्पल संपलेली. याच्यावर एपिसोड कुणी करत नाही!

नाद_खुळा_काका
मी एकही पॉडकास्ट पूर्ण ऐकलेलं नाही. दीडपट वेगानं लावतो, तरी पहिली सात मिनिटं एकमेकांचं कौतुक. चालू द्या तुमचं.

दोन_पुस्तकांची_बाई
काका, दहा सेकंद पुढं जायचं बटण असतं!

माझं फसलेलं. परदेशी पॉडकास्टात सगळे '७० टक्के रॉयल्टी' म्हणतात, ते ऐकून मी अॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-बुक टाकलं. पैसे आले ते ३५ टक्क्यांच्या हिशेबानं. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर पुस्तक त्यांच्या 'केडीपी सिलेक्ट' योजनेत घालावं लागतं, म्हणजे ई-बुक दुसरीकडं विकायचं नाही. अटी वाचल्या नव्हत्या, चूक माझीच.

दुसरं, 'ईमेल यादी करा' हा मंत्र. करवीर नगर वाचन मंदिरात एका कार्यक्रमाला वही फिरवली. चौदा ईमेल मिळाले, त्यातले पाच चुकीचे. शेजारच्या रकान्यात न मागता मोबाइल नंबर मात्र साठ. मग व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ते. तिथं मेख अशी की ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून आता पुस्तकावर सही करताना सांगते, "माझा नंबर माझ्यासमोर सेव्ह करा." लोक हसतात, पण करतात.

राजारामपुरीची
काका, तुमच्यासाठीच मराठीत सुचवते: 'अमुक तमुक'. विषय आपला नाही, पण समोरच्याला बोलतं कसं करायचं ते कळतं. मी त्यावरूनच कंपनीच्या पानासाठी आमच्या फाउंड्रीतल्या मामांना बोलतं केलं. तीस वर्षं भट्टीवर आहेत. लोखंड तयार झालंय हे कसं ओळखता, विचारलं. म्हणाले, "रंगावरनं. आणि भट्टी गप्प झाली की." साहेबांनी ते वाक्य कापायला सांगितलंय, 'तांत्रिक वाटत नाही' म्हणून. अजून कापलेलं नाही.

छापखानेवाले दादा, दोनशे प्रतींचा दर कळवा. डेमी आकार, साधारण १२० पानं, आईच्या पाककृती.