तीनचाकी मोटरसायकलच्या हँडलमधील थरथर : आधी निदान की आधी बॅलन्सिंग?

सारथी (मूळ धागा)
पुढे दोन व मागे एक चाक असलेल्या तीनचाकीचे, उदाहरणार्थ कॅन-अ‍ॅम स्पायडरचे, हँडल ताशी ९० किलोमीटरच्या आसपास थरथरू लागले की बहुतेक मालक थेट पुढची चाके बॅलन्स करून घेतात, म्हणजे रिमवर छोटी वजने लावून चाकाचे वजन सगळीकडून सारखे करून घेतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर टायर बदलतात. माझे मत असे, की पान्याला हात लावण्यापूर्वी ही थरथर चाकांच्या वेगाबरोबर वाढते, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढते की इंजिनवरच्या भाराबरोबर, हे ठरवले पाहिजे. ज्या वेगाला थरथर येते तोच वेग एक गिअर खाली टाकून धरावा. थरथर तशीच राहिली तर इंजिनच्या फेऱ्यांशी तिचा संबंध नाही. मग, गाडीला हाताचा क्लच असेल तर, सपाट, मोकळ्या रस्त्यावर तो दाबून गाडी नुसती घरंगळू द्यावी. त्या क्षणी थरथर थांबली, तर पुढच्या चाकांना दोष देता येणार नाही, कारण ती अजून त्याच वेगाने फिरत असतात. सुटलेला असतो तो फक्त मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह बेल्टवरचा भार. भाराखाली फडफडणाऱ्या बेल्टचा हादरा चौकटीतून हँडलपर्यंत पोहोचतो. हँडल हलते म्हणून दोष पुढेच आहे, हा समज मालकाला फार महागात पडतो.

पाना-पक्कड
असहमत. तुमची परीक्षा तर्काला धरून आहे, पण तिचा क्रम धोक्याचा आहे. ज्या गाडीचे हँडल थरथरते, ती कारण माहीत नसताना पुन्हा ताशी ९० ला न्यायची आणि त्यात बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळते तो सस्पेन्शनचा गोल सांधा) झिजलेला निघाला तर? आधी पुढचा भाग जॅकवर घ्यावा. चाक वर-खाली धरून हलवावे, नंतर डावी-उजवीकडे धरून हलवावे. वर-खाली प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगावे : प्ले नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग गेले आहे, कायम राहिला तर बॉल जॉइंट. फक्त आडवा प्ले असेल तर टाय रॉडचे, म्हणजे हँडलची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, टोक पाहावे. त्याच वेळी चाक हाताने फिरवून रिम वाकडी होऊन डोलते आहे का, टायरला कुठे फुगवटा आला आहे का, हेही दिसते. हवा गाडीच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे आहे ना, तेही तपासावे. मोटारीच्या सवयीने जास्त हवा भरलेले टायर या हलक्या गाडीला रस्त्याचा प्रत्येक खड्डा कळवतात.

चक्रधर
माझा आक्षेप वेगळा आहे. रस्त्यावरच्या परीक्षेने पुढचे चाक आणि मागचे चाक वेगळे करता येत नाही. पुढे १६५/५५ आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) मापाचा टायर असेल तर त्याचा परीघ सुमारे १.७७ मीटर, मागे २२५/५० आर १५ असेल तर सुमारे १.९० मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे पुढचे चाक सेकंदाला जेमतेम १४ फेरे घेते आणि मागचे १३. एवढा फरक कोणाच्याही तळहाताला कळणार नाही. म्हणून तिन्ही चाके काढून एकदाच बॅलन्स करावीत.

सारथी
चक्रधर, आकडे बरोबर आहेत, पण त्यातूनच एक खूण मिळते. पुढचे आणि मागचे असे दोन्ही टायर दोषी असतील तर दोन्ही कंपने सेकंदाला साधारण एकदा जुळतात आणि सुटतात, त्यामुळे थरथर लाटेसारखी चढते-उतरते. ती एकसारखी असेल तर दोष बहुधा फक्त पुढे किंवा फक्त मागे. पाना-पक्कड यांची जॅकवरची तपासणी आधी व्हावी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ती ढिलेपणा दाखवते, बेल्टची फडफड दाखवत नाही.

एकाक्ष
दुचाकीला मागे दोन चाके बसवून केलेल्या, पुढे एकच चाक असलेल्या ट्राईकना यातले बरेचसे लागू होत नाही. ट्राईक वळताना कलत नाही, त्यामुळे मूळ दुचाकीचा पुढचा भाग तसाच ठेवला तर हँडल जड होते. ते हलके करण्यासाठी फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांचा) कोन वाढवून ट्रेल, म्हणजे हँडलच्या वळण्याचा अक्ष जमिनीला जिथे भेटेल तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर, कमी केला जातो, आणि ट्रेल कमी झाला की कमी वेगात हात किंचित सैल सोडताच हँडल डावी-उजवीकडे झुलू लागते. ही थरथर बॅलन्सिंगने जाणार नाही. तिथे हेड बेअरिंगचा (हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगचा) ताण पाहावा, नंतर स्टीअरिंग डॅम्परचा, म्हणजे हँडलचे झुलणे दाबणाऱ्या उपकरणाचा, विचार करावा. डॅम्पर आधी बसवला तर ढिले बेअरिंग त्याच्या आड लपून राहते, म्हणून या क्रमाबाबत माझा आग्रह आहे.

पाना-पक्कड
ब्रेक लावतानाच येणाऱ्या थरथरीबद्दल एक भर. दुचाकीवर पुढचा ब्रेक वेगळा दाबून डिस्कचा दोष ओळखता येतो. स्पायडरचे एकच पेडल तिन्ही चाकांचे ब्रेक लावते, तेव्हा पेडल दाबल्यावर हँडल हलले म्हणून पुढची डिस्क बदलू नये. तिन्ही डिस्कची जाडी परिघावर अनेक ठिकाणी मायक्रोमीटरने मोजावी, आणि जिची जाडी असमान निघेल तीच काढावी.