बहिणीची पाळी आठ महिने बंद, नडगीला दुसऱ्यांदा चीर, आणि ती म्हणते "मला काही झालेलं नाही". मदत हवी आहे

नमस्कार. माझी धाकटी बहीण २० वर्षांची आहे, ५००० मीटर पळते. दोनदा नॅशनल खेळली आहे. हॉस्टेलवर राहून सराव करते. गेल्या महिन्यात नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली, वर्षभरातली दुसरी. एमआरआयला मी सोबत होते. फॉर्मवर 'शेवटची पाळी कधी' या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आठ महिने झाले. आईला सांगू नकोस."

तिच्या कोच सरांच्या कानावर तिने घातलं होतं. ते म्हणाले, मेहनती मुलींचं असं होतंच. तिथे दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करतात. रात्रीची भाकरी तिने कधीच सोडली आहे.

मला सगळ्यात जास्त भीती तिच्या गप्प राहण्याची वाटते. लहानपणी गुडघे फुटले तरी रडायची नाही, आणि घरात त्याचं केवढं कौतुक! मीही करायचे. आता भूक लागली तरी गप्प, सिलेक्शन हुकलं त्या रात्रीही गप्प. चीर गेलेल्या पायावर ती तीन आठवडे पळत होती. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये वेटलिफ्टर मीराबाई चानूचं पदक एका किलोने हुकलं आणि तिने सांगितलं की तो पाळीचा तिसरा दिवस होता. तेव्हा ही म्हणाली होती, "असं बोलायचं नसतं, लोक म्हणतात कारणं देते." ते वाक्य आता सारखं आठवतं.

मी वाचलं त्यावरून याला 'रेड-एस' म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये हे नाव पुढे आणलं. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि हाडं ठिसूळ होतात. अमेरिकेची धावपटू मेरी केन २०१९ मध्ये उघडपणे बोलली: तीन वर्षं पाळी नाही, पाच हाडं मोडली. ते वाचून रात्रभर झोप लागली नाही.

ओळखीच्या डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या लिहून दिल्यात. द्याव्यात का? नेमकं कोणाला दाखवायचं? आणि जी "ठीक आहे"च्या पुढे जात नाही, तिच्याशी बोलायचं कसं?

प्रतिसाद

ताई, मी ८०० मीटर पळायचे. माझंही असंच झालं होतं, म्हणून लिहिते. गोळ्यांनी रक्तस्राव होईल, पण ती खरी पाळी नव्हे. हाडांचा प्रश्न तसाच राहतो आणि घरच्यांना वाटतं सगळं सुरळीत झालं. तीन महिने पाळी चुकली तरी तपासणी करायची असते, इथे तर आठ झालेत. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) गाठा. रक्तात थायरॉइड, प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं हार्मोन), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व बघतील. हाडांच्या घनतेसाठी डेक्सा स्कॅनचं तुम्हीच विचारा, आणि दोन्ही फ्रॅक्चरचे रिपोर्ट सोबत न्या. खेळाडूंसोबत काम करणारा आहारतज्ज्ञही लागेल.

बोलण्याचं म्हणाल, तर "तू जेवत नाहीस" इथून सुरुवात करू नका, ती लगेच मिटेल. "कसं वाटतंय" विचारलंत की "ठीक" हेच येणार. त्यापेक्षा काय घडलं ते विचारा: सोमवारी काट्यावर उभी राहिलीस तेव्हा कोण काय म्हणालं? मला माझ्या बहिणीने हे विचारलं होतं, भांडी घासताना. मी तासभर रडले. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही तिच्याजवळ असू द्या, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती

खूप आभार. गोळ्या थांबवल्यात, नव्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आहे. ती शनिवारी घरी येतेय. आईला अजून सांगितलेलं नाही, शब्द दिलाय तिला. पण आईपासून हे लपवणं मला जड जातंय. तिच्या परवानगीशिवाय सांगावं का?